अखंड वस्त्र आणि कात्री

मागावर ताणलेल्या उभ्या धाग्यांमधून धोटा एका अंगाकडून दुसऱ्या अंगाकडे जातो आणि तसाच परत येतो, तेव्हा प्रत्येक फेरीच्या अखेरीस बाण्याचा धागा कडेच्या धाग्याला वळसा घालून माघारी फिरतो, आणि अशा हजारो वळशांतून वस्त्राला जो काठ प्राप्त होतो तो कोणी शिवून, दुमडून अथवा चिकटवून दिलेला नसतो. विणण्याच्या क्रियेतच तो उपजलेला असतो. ज्याचे दोन्ही काठ शाबूत आहेत आणि ज्याच्या टोकांच्या दशा जशाच्या तशा आहेत, ते वस्त्र विणकराच्या हातून उतरले त्याच स्थितीत पूर्ण असते. कात्रीचा पहिला घाव बसला की ही स्थिती संपते. कापलेल्या कडेचे धागे सुटू लागतात, त्यांना आवरण्यासाठी सुई हाती घ्यावी लागते, आणि जे स्वतःच पूर्ण होते ते पुढील कोणत्या तरी वस्तूचा कच्चा माल होऊन बसते.

उपासनेतील वस्त्रांचा विचार करताना लोक बहुधा रंगाकडे प्रथम पाहतात. पांढरे कोठे, भगवे कोठे, काळे कोणाचे, याची चर्चा पुष्कळ झाली आहे. त्याखालोखाल धाग्याचा विचार होतो. परंतु परस्परांपासून हजारो कोस दूर राहणाऱ्या आणि एकमेकांची नावेही ठाऊक नसलेल्या लोकसमूहांनी देवासमोर जाताना वस्त्राला जो प्रश्न वारंवार विचारलेला दिसतो, तो रंगाचा नव्हे. हे वस्त्र अखंड आहे की छेदलेले, हा तो प्रश्न होय. त्याची उत्तरे परस्परविरोधी आहेत, आणि माझ्या मते त्या विरोधातूनच वस्त्रासंबंधीची माणसाची खरी भावना उलगडते.

आपल्याकडील सोवळ्यापासूनच आरंभ करावा. पूजेला बसणाऱ्या पुरुषाने धोतर नेसावे आणि उपरणे घ्यावे, सदरा किंवा बंडी अंगात असू नये, असा जो शिरस्ता महाराष्ट्रातील जुन्या घरांतून पाळला जात आला आहे, त्याचे मर्म शिवण वर्ज्य असण्यात आहे. रेशमी मुकटा, पीतांबर, स्त्रियांची लोकरीची धाबळी ही सोवळ्याची वस्त्रे. सुती वस्त्र चालते, परंतु ते रोज धुऊन, कोणाचा स्पर्श होऊ न देता उंच वलणीवर काठीने वाळत घातलेले असावे लागते. यांपैकी कशालाही गुंडी नाही, बंद नाही, शिवण नाही; निऱ्या, कासोटा आणि गाठ एवढ्यावर सर्व भिस्त. संस्कृत विधिग्रंथांत ज्याला अहत वस्त्र म्हटले आहे, ते तर नवे, पूर्वी कोणी न वापरलेले आणि दशांसह असलेले असावे अशी अपेक्षा आहे. गणपतीला आपण वाहतो ते कापसाचे वस्त्र म्हणजे चिमटीने वळलेला कापूसच. त्याला माग लागलेला नसतो, मग कात्री कोठून लागणार?

यावरून प्राचीन भारतीयांना शिवणकला अवगत नव्हती असा समज पूर्वी काही पाश्चात्त्य लेखकांनी करून घेतला होता, तो निराधार आहे. मथुरेस सापडलेला कनिष्काचा मस्तकहीन पुतळा अंगात लांब शिवलेला कोट घालून उभा आहे, आणि अजिंठ्याच्या भिंतींवर शिवलेल्या चोळ्या व अंगरखे घातलेली माणसे स्पष्ट दिसतात. डॉ. मोतीचंद्र आणि डॉ. गो. स. घुर्ये या दोघा विद्वानांनी 1950 च्या सुमारास भारतीय वेषभूषेवर जे ग्रंथ लिहिले, त्यांत शिल्पे, चित्रे आणि वाङ्मय यांतील असे पुरावे विपुल आहेत. तात्पर्य, सुई हाताशी असताना, शिवलेले कपडे दरबारात आणि रणांगणावर वापरात असताना, उपासनेच्या वेळी मात्र ते बाजूला ठेवले गेले. अज्ञानामुळे नव्हे, तर समजून उमजून. सोवळ्याच्या कल्पनेने पुढे माणसामाणसांत जे अंतर पाडले आणि ज्यांना दूर लोटले त्यांच्यावर जो अन्याय झाला, त्याचे समर्थन कोणत्याही युक्तिवादाने होणार नाही. येथे विचार चालला आहे तो केवळ वस्त्राचा.

आता मक्केच्या यात्रेकडे पाहा. हजला निघालेला पुरुष ठरलेल्या सीमेवर पोहोचला की रोजचे कपडे उतरवतो आणि दोन पांढऱ्या, शिवण नसलेल्या चादरी धारण करतो. एक कमरेभोवती, दुसरी खांद्यांवरून. यालाच इहराम म्हणतात. डोके उघडे राहते, आणि पायांत घोटा झाकणारे पादत्राण चालत नाही. स्त्रिया मात्र आपल्या नेहमीच्या, अंग झाकणाऱ्या शिवलेल्या वस्त्रांतच यात्रा करतात. मुंबईहून समुद्रमार्गे हजला जाण्याची वहिवाट 1995 पर्यंत चालू होती. कोकणातले आणि दक्षिणेतले यात्रेकरू मुंबईच्या मुसाफिरखान्यात मुक्काम करून मग बोटीवर चढत, आणि बोट अरबस्तानच्या किनाऱ्याला यलमलम या ठरलेल्या सीमेच्या समोर आली की डेकवरच इहराम बांधीत. रत्नागिरीचा खलाशी, हैदराबादचा जहागीरदार आणि मद्रासचा व्यापारी यांची बोटीवर चढतानाची ओळख त्यांच्या शेरवानीवरून, टोपीवरून, बटणांवरून होत असे. त्या दोन चादरींत ती ओळख पुसली जाई. कपड्यातला माणसामाणसातला भेद बहुतांशी कापण्यात आणि शिवण्यात असतो, ही गोष्ट इहरामच्या नियमाने फार अचूक हेरली आहे.

ख्रिस्ती शुभवर्तमानांपैकी योहानाच्या ग्रंथात येशूला क्रुसावर चढविल्यानंतरचा प्रसंग येतो. शिपायांनी त्याच्या वस्त्रांचे चार वाटे केले, परंतु त्याचा अंगरखा वरपासून खालपर्यंत एकसंध विणलेला, बिनशिवणीचा होता. तेव्हा तो फाडण्याऐवजी त्यांनी त्यावर चिठ्ठ्या टाकल्या. ज्यांनी एका माणसाला खिळे ठोकून टांगले, त्यांनाही ते विणकाम फाडवेना! पुढील काळातील धर्मपंडितांनी या अंगरख्यात अखंड धर्मसंस्थेचे रूपक पाहिले. मला मात्र त्या शिपायांचा व्यवहारी संकोचच अधिक बोलका वाटतो.

या भावनेची पराकाष्ठा पाहावयाची असेल तर दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताच्या प्रदेशात जावे लागते. आपल्या मागावर विणलेल्या लुगड्याला दोन काठ असतात आणि दोन टोके सुटी, दशांची असतात. अँडीजच्या विणकरांनी चारही बाजूंना काठ असलेले वस्त्र विणण्याचे तंत्र सिद्ध केले. ताण्याचा धागा न तोडता दोन्ही टोकांच्या दांड्यांभोवती फिरवून घ्यावयाचा, एका टोकाकडून विणत यावयाचे, आणि शेवटची काही बोटे उरली की धोट्याला जागाच राहत नसल्यामुळे तेथे सुईने एकेक धागा ओवून ती पट्टी भरून काढावयाची, असा हा जिकिरीचा उद्योग असे. माणसाच्या अंगरख्याला लागेल तेवढ्या आकाराचे वस्त्र आधीच योजून विणले जाई, आणि डोके घालण्यासाठीची चीरसुद्धा कापून न करता विणतानाच मोकळी ठेवली जाई. पेरूच्या पाराकास द्वीपकल्पावर पुरातत्त्वज्ञ हुलिओ तेयो यांनी 1927 मध्ये जी प्राचीन दफनभूमी उजेडात आणली, तेथे चारशेहून अधिक प्रेतांची गाठोडी निघाली. त्यांतील मोठ्या गाठोड्यांत भरतकाम केलेल्या विशाल चादरींचे थरावर थर गुंडाळलेले होते, आणि वाळवंटाच्या कोरड्या हवेमुळे सुमारे दोन हजार वर्षांनंतरही त्यांचे रंग टिकून राहिले होते.

याच प्रदेशात पुढे इंका राज्य उभे राहिले, आणि त्या राज्यात वस्त्राला जे स्थान होते ते अन्यत्र सुवर्णाला असते. प्रजेकडून सरकारात कापड विणून घेण्याचा रिवाज होता, त्याची कोठारे ठिकठिकाणी भरलेली असत, आणि लष्करातील शिपायांपासून जिंकलेल्या प्रांताच्या सरदारांपर्यंत सर्वांना राजाकडून वस्त्रे मिळत. सर्वांत तलम वस्त्राला कुंबी म्हणत; ते विणण्यासाठी खास नेमलेले पुरुष कारागीर असत, आणि मंदिरांच्या आश्रयाने राहणाऱ्या निवडक कुमारिकाही ते विणीत. अशी उंची वस्त्रे सूर्याला आणि इतर दैवतांना अग्नीत अर्पण केली जात. 1532 मध्ये आलेल्या स्पॅनिश शिपायांची दृष्टी सोन्यारुप्यावर खिळलेली होती. कापडाची भरलेली कोठारे पाहून ते चकित झाले, परंतु त्या कोठारांत राज्याचा केवढा ऐवज साठविलेला आहे याचा उमज त्यांना पडला नाही. महिनोन्‌महिने खपून विणलेले निर्दोष वस्त्र अग्नीच्या स्वाधीन करावे, पण त्याला कात्री लावू नये, ही श्रद्धा प्रथमदर्शनी उधळपट्टीची वाटेल. विचारान्ती मात्र तिच्यातील संगती दिसते: अर्पण करावयाचे तर पूर्ण अर्पण करावे.

इंडोनेशियातील बाली बेटावर तेंगानान नावाचे एक तटबंद गाव आहे. तेथे गेरिंगसिंग नावाचे जे वस्त्र विणले जाते, त्याचे ताण्याचे आणि बाण्याचे असे दोन्ही धागे विणण्यापूर्वी बांधून रंगविलेले असतात; गुजरातेतील पाटणच्या पटोळ्याचीही पद्धत हीच, आणि जगात अशा दुहेरी बांधणीचे विणकाम करणारी ठिकाणे बोटांवर मोजण्याइतकीच आहेत. तेंगानानमध्ये निळीचे रंगकाम निषिद्ध मानलेले असल्यामुळे तेवढ्यासाठी सूत शेजारच्या गावी पाठवावे लागते, लाल रंग आलाच्या जातीच्या झाडाच्या मुळ्यांपासून हळूहळू चढविला जातो, आणि म्हणून एका वस्त्राला वर्षानुवर्षे लागू शकतात. मागावरून उतरते तेव्हा हे वस्त्र वर्तुळाकार असते, कारण त्याचा ताणा अखंड फिरविलेला असतो. थोडी न विणलेली जागा तेवढी मध्ये राहते. तेथे छेद दिला की ते नेसता येते; धार्मिक कार्यासाठी मात्र न छेदलेल्या वर्तुळाचे माहात्म्य मोठे मानतात.

असे का झाले असावे? मला याचे मूळ श्रमांच्या स्मृतीत दिसते. आज गज-दोन गज कापड घेणे ही क्षुल्लक बाब झाली आहे, म्हणून विणकामामागे दडलेली सूतकताई आपल्या ध्यानात येत नाही. इंग्लंडात हारग्रीव्ह्‌ज याने 1764 च्या सुमारास अनेक चात्यांचे कताईयंत्र बनविले, तोपर्यंत जगातील प्रत्येक वस्त्राचा प्रत्येक धागा कोणा तरी माणसाच्या, बहुतांशी बाईच्या, बोटांतून निघालेला असे, आणि एका मागाची भूक भागविण्यासाठी अनेक चरखे अहोरात्र फिरत ठेवावे लागत. घरातील स्त्रीने दळण, पाणी आणि मुले यांतून सवड काढून कातलेल्या सुताचे लुगडे जेव्हा मागावरून उतरे, तेव्हा त्यावर कात्री चालवून कोपऱ्यांच्या चिंध्या जमिनीवर पाडणे म्हणजे तिच्या आयुष्याचे काही दिवस केरात टाकण्यासारखे होते. देवाला अखंड वस्त्र हवे असते या श्रद्धेच्या तळाशी, वस्त्र कापवत नाही ही माणसाची भावना आहे, असे मला वाटते; तिला धर्माचा आधार नंतर मिळाला असावा.

नित्याच्या पेहरावातही ही काटकसर पदोपदी दिसते. साडी, धोतर, केरळातील मुंडू, ब्रह्मदेशातील व मलायातील लुंगीचे प्रकार, पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील कांगा ही सारी वस्त्रे काटकोनी आहेत. जपानी किमोनो शिवलेला असतो, तरी त्याची बेतणी याच वृत्तीची आहे. सुमारे 36 सेंटीमीटर पन्ह्याचे आणि 12 मीटर लांबीचे एक ठाण घ्यावयाचे, ते सरळ रेषेत कापून त्याचे आठ तुकडे करावयाचे, आणि तेच परस्परांना जोडावयाचे. गळ्यासाठीसुद्धा गोलाई कापून टाकावयाची नाही, जादा कापड आतच दुमडून ठेवावयाचे. किमोनो नीट धुवावयाचा झाला की जुन्या पद्धतीत त्याची शिवण उसवून तुकडे पुन्हा टोकास टोक जोडीत, म्हणजे ठाण पूर्ववत होई. मग ते धुऊन, ताणून, वाळवून फिरून शिवीत. कात्री लावूनही वस्त्राचे अखंडत्व मनाने जपण्याची ही रीत फार सुंदर आहे. आपल्या बायका जुन्या लुगड्यांची बाळाला दुपटी करतात आणि उरलेल्याची वाकळ शिवतात, तेव्हा याच वृत्तीचे अखेरचे कार्य त्यांच्या हातून होत असते.

या पार्श्वभूमीवर बुद्धाने जे केले ते किती धाडसाचे होते, याची कल्पना यावी. भिक्षूंची चीवरे तीन. आणि ती कापलेल्या तुकड्यांचीच असली पाहिजेत असा विनयाचा, म्हणजे भिक्षूंच्या आचारसंहितेचा, नियम आहे. विनयपिटकात कथा अशी की राजगृहाहून दक्षिणागिरीकडे जाताना बुद्धाने मगधातील भातखाचरे पाहिली, त्यांचे बांध, उपबांध आणि चौकटी शिष्य आनंदाला दाखविल्या, आणि भिक्षूंसाठी अशा रचनेची चीवरे करता येतील का, असे विचारले. आनंदाने ती करून दाखविली. तेव्हापासून लांब आणि आखूड तुकड्यांच्या पट्ट्या जोडून चीवर शिवले जाऊ लागले. पट्ट्या विषम संख्येच्या, निदान पाच. कापडाचे तुकडे केले की त्याचे बाजारमूल्य नाहीसे होते, चोराला त्याचा लोभ राहत नाही आणि भिक्षूलाही राहत नाही, हे कारण विनयात सूचित केलेलेच आहे. आरंभी तर भिक्षू उकिरड्यावरच्या आणि स्मशानातल्या चिंध्या वेचून वापरीत. वैद्य जीवकाने एक उंची वस्त्र बुद्धाला अर्पण केले, तेव्हा गृहस्थांकडून चीवर स्वीकारण्याची मुभा मिळाली. तरीही नव्या चीवराच्या कोपऱ्यावर निळ्या, चिखलाच्या किंवा काळपट रंगाचा एक ठिपका मुद्दाम लावूनच ते वापरावे, असा दंडक आहे. वैदिक विधी निष्कलंक, कोऱ्या वस्त्राची मागणी करतो, आणि त्याच भूमीतला हा दुसरा मार्ग हाताने त्याला कलंक लावावयास सांगतो! दोघांनीही वस्त्राचे मोल पुरते ओळखलेले होते. एकाने ते मोल जसेच्या तसे देवापुढे ठेवले, दुसऱ्याने ते मोडून त्याविषयीची आसक्ती मोडली.

या चीवरांच्या खर्चाची तजवीज कशी होत असे, याचा एक अस्सल दस्तऐवज आपल्या नाशिकच्या पांडवलेण्यांत दगडावर कोरलेला आहे. क्षहरात राजा नहपान याचा जावई उषवदात याने तेथील एक लेणे भिक्षुसंघाला दान दिले, आणि त्याबरोबर 3000 कार्षापणांची कायम ठेव गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे ठेवली. त्यांपैकी 2000 एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक या व्याजाने आणि 1000 दुसरीकडे दरमहा शेकडा पाऊण या व्याजाने. पहिल्या रकमेचे वर्षाचे व्याज 240 होते. वर्षावासात त्या लेण्यात राहणाऱ्या 20 भिक्षूंना प्रत्येकी 12 कार्षापण चीवरासाठी द्यावे, असा हिशेब लेखात मुक्रर केला आहे, आणि तो तंतोतंत जमतो. मुद्दल परत करावयाचे नाही, केवळ व्याज भोगावयाचे, हीही अट आहे. सुमारे एकोणीस शतकांपूर्वी गोदातीरीच्या विणकरांची संघटना एवढी भरवशाची होती की राजाचा जावई तिच्याकडे धर्मादायाची रक्कम ठेवीत होता. आणि ज्यांनी अखंड ठाणे विणली त्यांच्याच व्याजातून कापलेल्या वस्त्रांचा खर्च भागत होता. महाराष्ट्राच्या आर्थिक इतिहासातील हा लेख प्रत्येक शाळेत शिकविला जावा इतक्या मोलाचा आहे.

वर्षावास संपल्यावर चीवरदानाचा जो कठिन नावाचा विधी होतो, त्याची एक विलक्षण तऱ्हा बांगलादेशातील रांगामाटी येथील चकमा बौद्धांत पाहावयास मिळते. कापसापासून सूत कातणे, ते रंगविणे, मागावर चढवून विणणे, कापणे आणि शिवणे ही सारी कामे चोवीस तासांच्या आत पुरी करून दुसऱ्या दिवशी चीवर संघाला अर्पण करतात, आणि त्यासाठी शेकडो स्त्रिया रात्रभर चरख्यांशी आणि मागांशी बसलेल्या असतात. याच्या उलट टोकाला प्राचीन अथेन्स नगरी होती. तेथे अथेना देवीसाठी कुलीन घराण्यांतील मुली व स्त्रिया नऊ महिने एकच वस्त्र विणीत असत, त्यात देव आणि राक्षस यांच्या युद्धाची चित्रे असत, आणि उत्सवाच्या मिरवणुकीने ते देवीला नेत. वस्तू एका दिवसात झाली की नऊ महिन्यांत, याला या दोन्ही ठिकाणी सारखेच महत्त्व आहे. कारण विणण्याचा काळ हाच पूजेचा काळ आहे.

जपानमध्ये चीवराची केसा झाली आणि तिच्यात एक नवा आशय आला. तेथील सरदार-उमरावांच्या घरून भारी जरीची वस्त्रे, नो नाटकांतील पोशाख, मृत आप्तांचे किमोनो मंदिराला अर्पण होत. भिक्षू ती कापून, पट्ट्या जोडून केसा शिवीत. राजवैभवाचे चिंध्यांत आणि चिंध्यांचे पुन्हा पूज्य वस्त्रात रूपांतर! वस्तुसंग्रहालयांत अशा केसा पाहताना जरीची पाने-फुले शिवणीपाशी अर्धवट तुटलेली दिसतात, आणि तो तुटकपणा दोष म्हणून राहिलेला नसून मुद्दाम केलेला आहे, हे कळले की त्यांचे सौंदर्य दुणावते. सूफी फकिरांची ठिगळांची खिरका आणि आपल्याकडील योग्यांची कंथा यांची जातकुळी हीच.

कात्रीचा विचार चालला असताना आपल्या संत नामदेवांचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. 1270 मध्ये शिंप्याच्या घरी जन्मलेल्या या भक्ताची जी एकसष्ट पदे शिखांच्या गुरू ग्रंथसाहेबात समाविष्ट झाली आहेत, त्यांत त्यांनी आपल्या धंद्याची हत्यारे, म्हणजे गज, कात्री, सुई आणि दोरा, ही हरिनामाच्या कामी लावलेली आहेत. विधिशास्त्राने शिवलेल्या वस्त्राला उंबऱ्याबाहेर ठेवले होते, आणि ते शिवणाऱ्या माणसाने मात्र कातरण्या-शिवण्याचीच उपासना केली. या एका घटनेत भक्तिमार्गाने काय साधले याचा जो प्रत्यय येतो, तो मोठमोठ्या प्रवचनांतून येत नाही.

पारशी बांधवांच्या कुस्तीत माग आणि छेद यांचे नाते आणखी निराळे आहे. सदऱ्यावरून कमरेला तीन वेढे देऊन बांधावयाची ही दोरी कोकराच्या लोकरीच्या 72 धाग्यांची, यस्न ग्रंथाच्या 72 अध्यायांची निदर्शक. नवसारीकडील धर्मगुरूंच्या घराण्यांतील स्त्रिया ती लहानशा मागावर पोकळ नळीसारखी विणीत आल्या आहेत. मागावरून ती कापून काढणे हे मात्र त्यांचे काम नव्हे. तो छेद धर्मगुरू मंत्र म्हणत देतो. म्हणजे येथे छेद टाळलेला नाही किंवा त्याचे व्रतही केलेले नाही, त्याला संस्काराचा दर्जा दिलेला आहे.

शोकाच्या प्रसंगी वस्त्र फाडण्याची चाल यहुदी धर्मात आजही आहे. निकटच्या आप्ताच्या मृत्यूनंतर अंगावरील वस्त्राला छातीपाशी चीर देतात. यहुदी पुरुष प्रार्थनेच्या वेळी जी शाल पांघरतात तिच्या चार कोपऱ्यांना दोऱ्यांचे गोंडे असतात, आणि पुरुषाच्या मृत्यूनंतर त्याच शालीत त्याला गुंडाळताना त्यांपैकी एक गोंडा कापून ती प्रार्थनेस निरुपयोगी करतात, कारण मृताला आज्ञापालनाचे बंधन उरत नाही. कुलाबा जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या रायगडातील, पेण, अलिबाग, रेवदंडा या भागांत पिढ्यान्‌पिढ्या तेलाचे घाणे चालविणारे आणि शनिवारी काम बंद ठेवीत म्हणून शनवार तेली म्हणविले जाणारे मराठी भाषक बेने इस्राएल लोक याच धर्माचे. आपल्या हिंदू घरांतही अंत्यविधीसाठी आणलेल्या कोऱ्या वस्त्राचा एक पट्टा हाताने फाडून तो क्रियाकर्म करणाऱ्याच्या खांद्यावर उत्तरीय म्हणून देण्याची चाल अनेक ठिकाणी आहे. मंगलकार्यात जे वस्त्र फाटू नये म्हणून जपावयाचे, तेच येथे फाडावयाचे.

राहता राहिला उतरलेल्या वस्त्रांचा प्रश्न. काबेवरील किस्वा, म्हणजे सोन्यारुप्याच्या तारांनी वचने भरलेले काळ्या रेशमाचे आच्छादन, दरसाल बदलले जाते. शतकानुशतके ते इजिप्तमध्ये तयार होऊन मोठ्या इतमामाने मक्केस रवाना होत असे. 1927 मध्ये राजा अब्दुल अझीझ यांच्या हुकुमाने मक्केतच त्याचा कारखाना निघाला, आणि 1962 नंतर इजिप्तहून ते येणे बंद झाले. पूर्वी हज्जच्या महिन्याच्या नवव्या दिवशी ते बदलत, 2022 पासून मोहरमच्या पहिल्या तारखेला बदलतात. उतरविलेल्या किस्वाचे तुकडे करून ते भाविकांना आणि मान्यवरांना देण्याची रीत जुनी आहे. काबेच्या दाराचा एक पडदा तर 1983 मध्ये भेट म्हणून संयुक्त राष्ट्रसंघाच्या न्यूयॉर्कमधील इमारतीत गेला. करवीरनिवासिनी अंबाबाईला भक्तांनी नेसविलेली लुगडी आणि नवरात्रात तिरुपती देवस्थानाकडून येणारा शालू यांची व्यवस्था वेगळ्या प्रकारे लागते. तुकडा वाटून अनेकांना देण्याऐवजी वस्त्र सबंध एकालाच मिळते, शालूचा लिलाव होतो, आणि प्रसाद म्हणून घेतलेले लुगडे घरातील सुवासिनी सणावाराला नेसते.